रंग सगळ्यात शेवटी : जुन्या क्राफ्ट्समन बंगल्याला बाहेरून कोणते रंग द्यावेत

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? दुकानात जायचं, पट्ट्या बघायच्या, आवडेल तो रंग घ्यायचा. पण अमेरिकेत ज्यांनी १९०५ ते १९३० च्या दरम्यान बांधलेलं घर घेतलंय, किंवा ज्यांची मुलं-सुना घेतायत, त्यांना विचारून बघा. हजारभर पट्ट्यांसमोर उभं राहिलं की मती गुंग होते. मग शेजाऱ्याने दिलाय तसा राखाडी भिंतीला आणि पांढरा कडेला, असं करून माणूस मोकळा होतो. आणि रंगाऱ्याची शिडी निघून गेल्यावर लक्षात येतं की घर काहीतरी वेगळंच दिसायला लागलंय. उंच, किडमिडीत, कापून चिकटवल्यासारखं.

याचं कारण निवडीचा क्रम चुकतो. आपण रंगाच्या नावापासून सुरुवात करतो, निळा की हिरवा? या शैलीच्या घराला तो प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न, या घरात काय रंगवायचं नाही? दुसरा, कुठे गडद आणि कुठे फिकट? या दोन्हींची उत्तरं मिळाली की हजार पट्ट्यांतल्या दहा-पंधराच शिल्लक राहतात. आजचं सगळं बोलणं या तीन प्रश्नांभोवती आहे. आणि शेवटी शिशाबद्दल बोलणार आहे. तो भाग आवडीनिवडीचा नाही, घरातल्या लहान मुलांच्या तब्येतीचा आहे, म्हणून तो चुकवू नका.

ही घरं आली कुठून

आधी थोडा इतिहास. यातली बरीचशी घरं 'बंगलो' म्हणून ओळखली जातात, आणि तो शब्द आपल्याकडचा. 'बंगला' म्हणजे मुळात बंगाली धाटणीचं घर. बैठं, उतरत्या छपराचं, पुढे पडवी असलेलं. इंग्रजांनी ते उचललं, शब्द इंग्रजीत गेला आणि फिरत फिरत कॅलिफोर्नियात पोचला.

घराच्या शैलीमागचा विचार मात्र इंग्लंडमधला. जॉन रस्किन, विल्यम मॉरिस ही मंडळी म्हणत होती की कारखान्यात छापल्यासारखी निघणारी नक्षी खोटी आहे. वस्तू कशी बनली ते वस्तूवर दिसलं पाहिजे. हाच विचार अमेरिकेत गुस्ताव स्टिक्ली या फर्निचर बनवणाऱ्या माणसाने पसरवला. १९०१ ते १९१६ या काळात तो 'द क्राफ्ट्समन' नावाचं मासिक काढत होता. त्यात घरांचे नकाशे छापून यायचे. शैलीला नाव मिळालं ते या मासिकावरून.

याचं श्रीमंती रूप बघायचं असेल तर पॅसाडेनामधलं गॅम्बल हाउस बघा. १९०८ साली चार्ल्स आणि हेन्री ग्रीन या भावांनी ते बांधलं. साधं रूप बघायचं तर त्याच गावातला 'बंगलो हेवन' हा भाग, किंवा सिअर्स कंपनीची घरं. सिअर्स १९०८ ते १९४० पर्यंत कॅटलॉगमधून अख्खी घरं विकत होती. लाकूडसामान रेल्वेने यायचं आणि जागेवर जोडलं जायचं. म्हणजे ही शिक्षकाची, दुकानदाराची, रेल्वेतल्या माणसाची घरं होती. आज तुमच्या वाट्याला येतं ते बहुधा असंच एखादं.

घर वाचायला शिका

आता अशा घरासमोर रस्त्यावर उभे आहोत असं समजा. काय दिसतं?

छप्पर बसकं, उतार कमी. वळचण भिंतीच्या बरीच बाहेर आलेली. वळचणीखाली वाशांची टोकं उघडी. लपवलेली नाहीत, मुद्दाम दाखवलेली. त्रिकोणी भिंतीच्या वर लाकडाचे तिरपे टेकू. पुढे मोठी पडवी आणि तिचे खांब खाली जाड, वर निमुळते. हे खांब विटांच्या किंवा नदीतल्या गोट्यांच्या चौथऱ्यावर उभे. भिंतीला आडव्या लाकडी फळ्या, किंवा शिंगल, म्हणजे कौलांसारख्या एकावर एक बसवलेल्या लाकडाच्या चिपा. पुष्कळदा खाली फळ्या आणि वर शिंगल, मध्ये एक जाड आडवी पट्टी.

यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आडवी आहे आणि जमिनीकडे ओढणारी आहे. घर जमिनीतून उगवल्यासारखं, बसलेलं दिसावं, हा सगळा खटाटोप त्यासाठी. रंगाने या ओढीला साथ द्यायची असते.

आता याच घराला भिंतीवर फिकट राखाडी आणि सगळ्या लाकडी पट्ट्यांना झगझगीत पांढरा द्या. काय होईल? वाशांची टोकं कंगव्याच्या दातांसारखी बाहेर येतील. टेकू, खांब, चौकटी, प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे ओरडायला लागेल. छपराखालची ती गार, खोल सावली, जी या घराचं खरं सौंदर्य आहे, ती पांढऱ्यात मोडून जाईल.

मुळात काय रंग असायचे

इथे एक गंमत आहे. त्या काळातल्या बऱ्याच क्राफ्ट्समन घरांच्या शिंगलवर आजच्या अर्थाने रंग नव्हताच. होता तो स्टेन. रंग लाकडावर थर धरून बसतो. स्टेन लाकडात मुरतो आणि रेषा दिसत राहतात. बॉस्टनच्या सॅम्युएल कॅबटची कंपनी क्रिओसोट घातलेले शिंगलचे स्टेन विकत होती. तपकिरी, शेवाळी हिरवा, मातकट लाल अशा छटा. गॅम्बल हाउसच्या शिंगलवरही असाच हिरवट-तपकिरी स्टेन आहे, झाडीत अर्धं मिसळून जाणारा.

जिथे रंग दिला जायचा तिथे रंगद्रव्यं बहुतेक मातीतलीच. आपल्याला ती ओळखीची आहेत. पिवडी, गेरू, काव. जळालेल्या मातीचे तपकिरी. त्यात काजळी मिसळून मंद केलेले हिरवे. रंगाच्या व्यापारात लोहाच्या लाल रंगद्रव्याला 'इंडियन रेड' असं नावच आहे.

आणि पांढरा? पांढरा असायचा तो शिशाचा किंवा जस्ताचा, जवसाच्या तेलात घोटलेला. आज डब्यातून निघणारा निळसर झगझगीत पांढरा हा टायटॅनियम डायऑक्साइडचा आहे आणि तो व्यापारी प्रमाणावर बाजारात आला पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. म्हणजे १९१० साली बांधलेल्या घराने तो पांढरा पाहिलेलाच नव्हता. त्या काळचा 'पांढरा' हवा असेल तर सायीचा, मोतिया, जुन्या हस्तिदंताचा रंग बघा.

अर्थात, कोणी म्हणेल, घर माझं आहे, संग्रहालय नाही. बरोबर आहे. १९१० चा हुबेहूब रंग द्या असा माझा आग्रह नाही. पण ते रंग का चालले हे समजलं, तर आज नव्या डब्यातूनही तोच परिणाम साधता येतो.

पहिला प्रश्न : काय रंगवायचं नाही?

कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहा. छप्पर. विटा किंवा दगड. न रंगवलेलं लाकूड.

छप्पर वीस-पंचवीस वर्षं बदलणार नसतं, आणि या घरात ते रस्त्यावरून भरपूर दिसतं. त्याचा रंग नीट बघा. 'राखाडी' म्हणून सोडून देऊ नका. राखाडीत निळी झाक आहे की तपकिरी? विटांचंही तसंच. विटकरी लाल, जांभळट की पिवळसर? भिंतीच्या रंगाची झाक यांच्याशी जुळली पाहिजे. तपकिरी झाकेच्या छपराखाली निळसर राखाडी भिंत आली की दोन्ही मळकट दिसतात.

आता एक कळकळीची विनंती. विटांचे चौथरे, गोट्यांचं धुराडं, यांच्यावर आधी कोणी रंग दिला नसेल तर तुम्ही देऊ नका. पहिलं कारण दिसण्याचं. हे चौथरे म्हणजे घराचे पाय आहेत. ते रंगवले की घर तरंगायला लागतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. वीट ओल शोषते आणि बाहेर टाकते. वरून बंद केली की ओल आत राहते, थंड प्रदेशात ती गोठते, फुगते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. शिवाय रंग एकदा सच्छिद्र विटेत गेला की पुरता निघत नाही. लाकडाचा रंग चुकला तर पाच-सात वर्षांनी बदलता येतो. विटेच्या बाबतीत ती सोय नाही.

पुढचा दरवाजा ओकचा किंवा फरचा असेल आणि अजून वार्निशचा असेल, तर तोही तसाच ठेवा. त्याच्यापेक्षा चांगला रंग दुकानात मिळणार नाही.

दुसरा प्रश्न : गडद कुठे, फिकट कुठे?

अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक रंगपट्टीच्या मागे एक आकडा असतो. लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू, थोडक्यात एल.आर.व्ही. रंग किती उजेड परत पाठवतो त्याचं हे माप. शून्य म्हणजे काळा, शंभर म्हणजे पांढरा. रंगाच्या गोड गोड नावांपेक्षा हा आकडा जास्त खरं बोलतो.

माझा ढोबळ नियम असा. भिंतीचा मुख्य रंग १५ ते ३५ च्या मध्ये ठेवा. पट्ट्या, खांब, वळचण यांचा रंग भिंतीपेक्षा १५-२० अंकांनी वेगळा, गडद किंवा फिकट, दोन्ही चालतं. आणि खिडकीची झडपं सगळ्यात गडद, १० च्या आतली. नियम मोडता येतो, पण कुठून मोडतोय हे माहीत असावं.

खिडकीबद्दल थोडं सांगतो. खिडकीत दोन वस्तू असतात. बाहेरची चौकट आणि आतलं सरकणारं झडप. आज दोन्हींना एकच पांढरा दिला जातो. त्या काळात झडप पुष्कळदा वेगळं आणि गडद असायचं. काळपट हिरवं, गडद लाल किंवा काळं. काच दिवसा बाहेरून काळीच दिसते. झडप गडद असलं की ते काचेत मिसळतं, खिडकी खोल वाटते आणि चौकट ठसठशीत उठते. एवढ्या एका बदलाने घर पालटतं, आणि त्याला लागतो एखादा गॅलन रंग.

वर शिंगल आणि खाली फळ्या असतील तर दोन पर्याय. खालचा भाग गडद ठेवला तर घर जमिनीला घट्ट बसतं. वरचा गडद ठेवला तर तो छपराशी जुळतो आणि घर आणखी बसकं दिसतं. घर आधीच उंच, दीड-दोन मजली असेल तर दुसरा पर्याय बघा. दोन रंग बदलायचे ते मधल्या आडव्या पट्टीवरच. कोपऱ्यावर किंवा भिंतीच्या मध्येच नाही.

पडवीचं छत मात्र फिकट ठेवा. वळचणी एवढ्या बाहेर असतात की दिवाणखाना अंधारा होतो. छतावर सायीचा रंग असेल तर उजेड परतून आत येतो.

तिसरा प्रश्न : आता रंग

एक उदाहरण घेऊ. समजा, १९१५ चं घर, तपकिरी झाकेचं राखाडी छप्पर, पडवीचे चौथरे विटकरी लाल. खाली फळ्या, वर शिंगल.

विटा लाल आहेत म्हणजे भिंतीला लालाच्या समोरचा रंग शोभेल. मातकट, शेवाळी हिरवा, राखाडीकडे झुकणारा, एल.आर.व्ही. २० च्या आसपास. वरच्या शिंगलला गडद तपकिरी. पट्ट्या, खांब, वाशांची टोकं यांना खाकी किंवा पिवडीत राख कालवल्यासारखा, ४० च्या जवळपास. झडपांना गडद लाल, विटेच्या नात्यातला पण तिच्यापेक्षा काळपट. बस. छप्पर आणि वीट धरून घर पूर्ण झालं.

आता त्याच घराचे चौथरे पिवळसर-करड्या गोट्यांचे असते तर? तर भिंत तपकिरी, पट्ट्या शेवाळी आणि झडपं काळपट हिरवी. क्रम तोच, उत्तर वेगळं. म्हणून शेजाऱ्याचा रंग उसना घेऊ नये. त्याचा दगड वेगळा असतो.

रंग किती? तीन. फार तर चार. आणि प्रत्येक कडेला वेगळी रेघ ओढण्याचा मोह आवरा. ते व्हिक्टोरियन घरांचं काम आहे, सॅन फ्रान्सिस्कोची 'पेंटेड लेडीज' म्हणून प्रसिद्ध आहेत तशा घरांचं. तिथे नक्षी दाखवायची असते. इथे जोडकाम दाखवायचं असतं.

दुकानात शेर्विन-विल्यम्सच्या ऐतिहासिक रंगांत 'रॉयक्रॉफ्ट' नावाने सुरू होणाऱ्या बऱ्याच छटा दिसतील. रॉयक्रॉफ्ट ही न्यूयॉर्क राज्यात ईस्ट ऑरोरा इथे एल्बर्ट हबर्डने उभी केलेली कारागिरांची वसाहत होती. सुरुवात म्हणून ही पट्टी चांगली आहे. पण नाव ऐतिहासिक आहे म्हणून तो रंग तुमच्या विटेला शोभेलच असं नाही.

नमुना कसा बघावा

दोन इंचांच्या पट्टीवरून घर रंगवू नका. उन्हात, मोठ्या भिंतीवर रंग पट्टीपेक्षा फिकट आणि भडक दिसतो. म्हणून पट्टीवर जो मनात भरेल, त्याच्यापेक्षा एक पायरी गडद आणि एक पायरी मंद घ्या.

नमुन्याचे छोटे डबे आणा. दोन फूट बाय दोन फूट फळीवर दोन हात द्या. फळी विटेला आणि छपराच्या कडेला लागून उभी करा. सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी आणि ढगाळ दिवशी बघा. घराच्या उत्तरेला आणि दक्षिणेलाही बघा. पॅसाडेनाच्या उन्हात जो हिरवा शांत वाटतो तो सिअ‍ॅटलच्या ढगांखाली काळवंडतो. मग मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. भिंत, पट्टी आणि झडप वेगवेगळे ओळखू आले तर गडद-फिकट जमलं.

आणि आता शिसं

अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली. तुमचं घर त्याच्या कितीतरी आधीचं आहे, तेव्हा खालच्या थरांत शिसं आहे असंच धरून चाला. रंग धड आहे तोपर्यंत धोका कमी. धोका सुरू होतो तो खरवडताना, पॉलिश पेपर मारताना. धूळ उडते, अंगणातल्या मातीत बसते, बुटांबरोबर घरात येते, रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते आणि तोंडात जाते. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कुठलीही पातळी आढळलेली नाही. परिणाम मेंदूवर होतो आणि तो भरून येत नाही.

२०१० पासून तिथल्या पर्यावरण खात्याचा, ई.पी.ए.चा नियम आहे. १९७८ पूर्वीच्या घरात बाहेरून २० चौरस फुटांहून जास्त रंग खरवडायचा असेल, तर पैसे घेऊन काम करणाऱ्याकडे शिसं-सुरक्षिततेचं प्रमाणपत्र हवं. दर विचारण्याआधी ते प्रमाणपत्र बघा. स्वतःच्या राहत्या घराचं काम स्वतः करणाऱ्याला हा नियम लागू नाही, पण धूळ सगळ्यांना सारखीच. म्हणून जमिनीवर जाड प्लॅस्टिक अंथरा, पाणी मारून ओलं खरवडा, हेपा फिल्टरशिवाय यंत्राने घासू नका आणि ज्योतीने रंग जाळून तर काढूच नका. मुलं आणि गरोदर बायका तेवढे दिवस दुसरीकडे राहिल्या तर उत्तम.

आणि सगळा रंग काढून लाकूड उघडं करण्याचा हट्ट नको. सुटलेलं तेवढं काढा, पक्क्या थरापाशी थांबा, प्रायमर द्या, वर दोन हात द्या. जुन्या घरांच्या जतनाचं काम करणारेही हेच सांगतात. लाकडालाही ते बरं, मुलांनाही.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : घराचा मूळ रंग कोणता होता ते कसं कळणार?*

उत्तर : वळचणीखाली, पडवीच्या आत, पन्हळीमागे, अशा ऊन न लागलेल्या जागी बघा. नाण्याएवढ्या जागेत बारीक पॉलिश पेपर ओला करून हलकेच घासलं की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. प्रत्येक वलय म्हणजे एक थर. सगळ्यात आतलं वलय बहुधा अस्तराचं असतं, त्याला मूळ रंग समजू नका. आणि जुना तेलरंग अंधारात पिवळा पडतो, तेही लक्षात ठेवा. शिशाची काळजी इथेही घ्यायची, धूळ ओल्या फडक्याने टिपून फेकून द्यायची.

*प्रश्न : आधीच्या मालकाने विटा पांढऱ्या रंगवल्यात. आता काय?*

उत्तर : वाळूचा मारा करून काढायला जाऊ नका. विटेची भाजलेली पाठ निघून जाते आणि आतली मऊ वीट उघडी पडते. रसायनाने एका कोपऱ्यात थोडा भाग काढून बघा. वीट धड निघाली तर पुढे जा. नाहीतर त्यावर विटकरी किंवा दगडी तपकिरी, मंद चकाकीचा, हवा खेळू देणारा रंग द्या. घराचे पाय पुन्हा जमिनीवर येतील.

*प्रश्न : आम्ही टेक्सासला आहोत. गडद रंगाने घर तापणार नाही का? आणि लवकर उडणार नाही?*

उत्तर : दक्षिण आणि पश्चिमेची भिंत तापणार, हे खरं. पण या घराच्या वळचणी तेवढ्यासाठीच बाहेर आहेत, भिंतीवर बराच वेळ सावली असते. एल.आर.व्ही. ३० ते ३५ कडे ठेवा. रंग मातीतल्या लोह-द्रव्यांचे, म्हणजे तपकिरी, पिवडी, गेरू असे घ्या. भडक लाल-पिवळ्यांपेक्षा ते उन्हात कितीतरी जास्त टिकतात. खरा गडदपणा झडपांपुरता ठेवा.

*प्रश्न : घरात सगळ्यांना पांढरंच हवंय. काही मधला मार्ग?*

उत्तर : आहे ना. पांढऱ्याऐवजी सायीचा घ्या, आणि तो चौकटींना व पडवीच्या छताला द्या. वाशांची टोकं आणि टेकू मात्र भिंतीच्या किंवा छपराच्या रंगात जाऊ द्या. घरच्यांना उजळ हवं ते मिळेल आणि वळचणीची सावलीही शाबूत राहील. फळीवर दोन्ही नमुने देऊन आठवडाभर अंगणात ठेवा. भांडण तिथेच मिटतं, असा अनुभव आहे.

पुढच्या रविवारी छपराकडे बघा, मग विटेकडे. दुकान सोमवारीही उघडं असतं.